रिपोर्टावरची दोन अक्षरे



आमच्याकडे येणारी माणसे पूर्वी रेशनकार्ड, पेन्शन, शाळेचा दाखला असले कागद घेऊन येत. आता त्यांत दवाखान्याच्या फायलींची भर पडली आहे. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी कारकून. जमाखर्च आम्हांला कळतो, शरीरातला हिशेब नाही. पण कागद कोणताही असो, तो ज्याच्या नावाने निघाला त्याला त्यातले काही ना काही समजलेच पाहिजे, असा आमचा हट्ट आहे. त्या हट्टापायी आम्ही काही डॉक्टर मित्रांचे डोके खाल्ले, वाचनालयात बसलो आणि जे हाती लागले ते या सदरात मांडीत आहोत. विषय आहे 'एएनए' नावाच्या रक्तचाचणीचा, आणि तिच्या रिपोर्टावर कधी कधी लिहिलेल्या 'न्यूक्लिओलर पॅटर्न' या दोन शब्दांचा.

निमित्त घडले ते असे. आमच्या वस्तीतल्या एक भगिनी चार घरची धुणीभांडी करतात. गार पाण्यात हात घातला की त्यांची बोटे पांढरीफटक पडत, मग निळी होत आणि थोड्या वेळाने लाल होऊन ठणकत. सुरुवातीला साबणाने होते म्हणून सोडून दिले. पुढे बोटांची कातडी ताठ होऊ लागली, मूठ वळेना. डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितले. रिपोर्ट आला : एएनए पॉझिटिव्ह, १:३२०, न्यूक्लिओलर. घरात कोणाला बाकीचे काही वाचता आले नाही, 'पॉझिटिव्ह' तेवढे वाचता आले. त्या एका शब्दावरून सासूबाईंनी सुनेचे ताट, वाटी आणि पेला वेगळा काढला. बाई आमच्याकडे आल्या त्या खालच्या आवाजात एवढेच विचारावयास, "दादा, मला तो रोग झाला का हो?"

ताट-पेला वेगळा काढण्याचा अर्थ काय असतो, हे आपल्या घरांत कोणी कोणाला समजावून सांगावयास नको. म्हणून आधी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, एएनए चाचणीचा एचआयव्हीशी काही संबंध नाही. एएनए पॉझिटिव्ह येणे म्हणजे कोणताही संसर्गजन्य रोग झाला असे नव्हे. दुसरी, एचआयव्ही असलेल्या माणसाचेही ताट वेगळे काढण्याचे कारण नाही. एकत्र जेवण्याने, एका पेल्यातून पाणी पिण्याने तो पसरत नाही. आता मूळ विषयाकडे वळू.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, पेशीच्या आत केंद्रक असते, इतके शाळेत शिकविलेले असते. त्या केंद्रकाच्याही पोटात एक-दोन, कधी चार-पाच दाट ठिपके असतात. पाठ्यपुस्तकात त्याला केंद्रकी म्हणतात, डॉक्टर मंडळी न्यूक्लिओलस म्हणतात. दुर्बिणीने तारे पाहावेत तसे सूक्ष्मदर्शकाने पेशी पाहणाऱ्यांना हा ठिपका फार पूर्वीच दिसला होता. पण तो करतो काय, हे कळावयास विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला. १९३४ साली अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक या संशोधिकेने मक्याच्या पेशी तपासून दाखविले की हा ठिपका वाटेल तेथे तयार होत नाही, गुणसूत्राच्या ठरावीक जागीच तो बांधला जातो. पुढे १९६४ साली डोनाल्ड ब्राऊन आणि जॉन गर्डन यांनी आफ्रिकेतल्या एका बेडकाची अशी पिले अभ्यासली, ज्यांच्या पेशीत ही केंद्रकीच नव्हती. त्या पिलांना नवे रायबोसोम करता येत नव्हते आणि ती लहानपणीच मरून जात.

रायबोसोम म्हणजे काय, ते गिरणीत काम केलेल्यांना सहज समजेल. गिरणीत कापड विणले जाते ते मागावर. पेशीला लागणारी सगळी प्रथिने, मग ती स्नायूंची असोत की रक्तातली, विणली जातात ती रायबोसोम नावाच्या मागावर. आणि केंद्रकी म्हणजे माग तयार करणारे वर्कशॉप. वाढती पेशी दर मिनिटाला हजारो माग बांधून बाहेर पाठविते. एकेका मागात सुमारे ८० प्रकारची प्रथिने आणि चार आरएनए असतात. हे सगळे जोडावयाचे तर वर्कशॉपात फिटर, टर्नर, तपासनीस लागणारच. ते कामगार म्हणजे केंद्रकीतली प्रथिने. त्यांतल्या तिघांची नावे पुढे येणार आहेत, म्हणून सांगून ठेवतो : फायब्रिलारिन, न्यूक्लिओलिन आणि न्यूक्लिओफॉस्मिन. फायब्रिलारिनचे काम ताज्या आरएनएवर ठरावीक जागी रासायनिक खुणा करण्याचे. शिंपी कापडावर खडूने खुणा करतो, तसेच म्हणा ना.

आता प्रश्न असा की, पेशी डोळ्याला दिसत नाही, तिच्या पोटातला ठिपका तिच्याहून किती लहान, आणि त्या ठिपक्यातला एक विशिष्ट कामगार ओळखावयाचा तो कसा? येथे प्रतिपिंड कामाला येते. डॉक्टर त्याला अँटीबॉडी म्हणतात.

सापाच्या विषावरचे औषध घोड्याच्या रक्तातून काढतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. परळच्या हाफकिनचे नाव महाराष्ट्रात या कामाशी जोडलेले आहे. घोड्याला विष अगदी थोडे थोडे टोचत गेले की त्याच्या रक्तात त्या विषाला धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. तीच प्रतिपिंडे. त्यांचा गुण असा की ज्याच्यासाठी तयार झाली त्यालाच धरतात, शेजाऱ्याला सहसा धरीत नाहीत. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या बाबतीत ही गोष्ट प्रथम दाखविली. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेतल्या अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधीच पण जबरदस्त युक्ती केली. प्रतिपिंडाला त्यांनी चमकणारा रंग जोडला. विशिष्ट प्रकाशात पाहिले की प्रतिपिंड जेथे चिकटले असेल तेवढीच जागा उजळते. अंधाऱ्या चाळीत एकाच खोलीत दिवा लागावा, तसे.

याच युक्तीवर एएनए चाचणी उभी आहे. आपले शरीर प्रतिपिंडे तयार करते ती बाहेरून आलेल्या जंतूंविरुद्ध. परंतु काही माणसांच्या बाबतीत ही व्यवस्था बिघडते आणि स्वतःच्याच पेशीतल्या वस्तूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. असे का होते, याचे पुरते उत्तर शास्त्रज्ञांकडेही अजून नाही. पण होते, आणि बायकांच्या बाबतीत अधिक होते. चाचणीत काचेच्या पट्टीवर वाढविलेल्या मानवी पेशी घेतात, त्यांवर रुग्णाच्या रक्तातले पाणी, म्हणजे सीरम, घालतात आणि मग धुऊन काढतात. पेशीतल्या कशाला तरी रुग्णाची प्रतिपिंडे चिकटली असतील तर ती धुण्याने जात नाहीत. त्यावर मानवी प्रतिपिंडांनाच धरणारे दुसरे प्रतिपिंड घालतात, ज्याला हिरवा चमकणारा रंग लावलेला असतो. सूक्ष्मदर्शकात निळा प्रकाश टाकला की हिरवे दिसते. सगळे केंद्रक हिरवे दिसले तर एक नमुना, बारीक ठिपके दिसले तर दुसरा, आणि फक्त केंद्रकीचे मोठे ठिपके उजळले तर तो न्यूक्लिओलर नमुना. आमच्या वस्तीतल्या बाईंच्या रिपोर्टावर जो शब्द होता तो एवढाच.

आणि ते १:३२०? एक चमचा सीरम ३२० पट पातळ केले, तरी हिरवे दिसते आहे, असा त्याचा अर्थ. सरबतात पाणी घालत जावे आणि कोठवर गोडी लागते ते पाहावे, तसाच प्रकार. आकडा जितका मोठा तितकी प्रतिपिंडे जास्त. येथे एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावयास हवी. १९९७ साली निरनिराळ्या देशांतल्या १५ प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांचे रक्त तपासले. १:४० या प्रमाणात शंभरातली सुमारे ३२ निरोगी माणसे पॉझिटिव्ह निघाली, १:८० ला १३, १:१६० ला ५. म्हणजे काही त्रास नसताना, केवळ 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातीला भुलून केलेल्या चाचणीत एएनए १:४० पॉझिटिव्ह आले, म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. असल्या पॅकेजांच्या जाहिरातींबद्दल आमचे मत काय आहे ते येथे लिहिले तर संपादक कात्री लावतील. असो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बोटे गारठ्यात पांढरी-निळी पडतात, कातडी ताठ होते, घास उतरताना छातीत अडकतो, चढण चढताना दम लागतो, आणि त्याबरोबर न्यूक्लिओलर नमुना मोठ्या आकड्यात येतो, तेव्हा स्क्लेरोडर्मा या आजाराचा विचार डॉक्टर करतात. स्क्लेरोडर्मा म्हणजे शब्दशः कडक कातडी. पण तो कातडीपुरता राहतोच असे नाही. फुप्फुस, मूत्रपिंड यांनाही धरू शकतो. म्हणून अशा माणसाचा रक्तदाब नियमित मोजावा लागतो आणि फुप्फुसाची तपासणी करावी लागते. हे काम संधिवाततज्ज्ञाचे, कातडीला मलम लावणाऱ्याचे नव्हे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत असे तज्ज्ञ किंवा त्यांची ओ.पी.डी. असते, चौकशी करावी. अंगारे-धुपारे करण्यात गेलेला वेळ या आजारात परत मिळत नाही. आमच्या बाईंनाही आम्ही तेथेच पाठविले आहे आणि सासूबाईंशी वेगळे बोललो आहोत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, रुग्णाच्या रक्तातले हे दोष शास्त्रज्ञांनी शोधून काढले, धन्य ते शास्त्रज्ञ. ते धन्य आहेतच. पण आम्हांला जे वाचून नवल वाटले ते याच्या उलटे आहे. फायब्रिलारिन हे प्रथिन शास्त्रज्ञांना आधी माहीत होते आणि मग रुग्णात त्याविरुद्ध प्रतिपिंडे सापडली, असे घडलेले नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन येथे हॅरिस बुश यांच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट ओक्स, मायकेल लिश्वे आणि सहकाऱ्यांनी स्क्लेरोडर्माच्या एका रुग्णाचे सीरम घेतले. ते केंद्रकीच्या एका विशिष्ट, तंतुमय भागालाच धरीत होते. कशाला धरते आहे, ते त्यांनी शोधले, तेव्हा हे प्रथिन हाती लागले. तंतुमय भागात राहते म्हणून त्याचे नाव फायब्रिलारिन. म्हणजे ज्या रक्ताने रुग्णाचे बोट ताठ केले होते, त्याच रक्ताने शास्त्रज्ञांना पेशीच्या वर्कशॉपातला कामगार दाखविला. प्रयोगशाळेत तोवर कोणी न बनविलेले हत्यार त्या आजारी शरीरात तयार होऊन बसले होते. आज जगभर केंद्रकीचा अभ्यास करणारे फायब्रिलारिनला पहिली खूण मानतात; केंद्रकी कोठे आहे ते दाखवावयाचे तर फायब्रिलारिनचे प्रतिपिंड लावतात.

त्या रुग्णाचे नाव शोधनिबंधाच्या मथळ्यावर नसते, शास्त्रज्ञांचे असते. आणि येथे आम्ही मथळ्यातल्या दोन अक्षरांकडे येतो. एएनए पॉझिटिव्ह आले की पुढची एक चाचणी करतात, तिच्या रिपोर्टावर एका खाली एक अक्षरे असतात : एसएम, रो, ला, जेओ-१. आम्हांला वाटले रसायनांची लघुरूपे असतील. तसे नाही. ती रुग्णांची नावे आहेत. ज्या रुग्णाच्या रक्तात ते प्रतिपिंड प्रथम सापडले, त्याच्या नावाची किंवा आडनावाची पहिली दोन अक्षरे. एसएम १९६६ सालचे, रो १९६९ सालचे, ला १९७४ सालचे. ही माणसे कोण होती, काय काम करीत होती, त्यांना मुलेबाळे होती काय, याचा रिपोर्टावर पत्ता नाही; पण मुंबईपासून नागपूरपर्यंत कोणत्याही प्रयोगशाळेत आज त्यांची दोन अक्षरे छापली जातात. रो हे प्रतिपिंड असलेल्या बाईला दिवस गेले तर तिने ते प्रसूतीच्या डॉक्टरांना न विसरता सांगावे. क्वचित बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो आणि वेळीच लक्ष ठेवता येते. एका अनोळखी माणसाच्या रक्ताने शिकविलेली ही गोष्ट आहे.

रिपोर्टावर आणखी एक शब्द असतो, बहुधा तळाशी बारीक अक्षरांत : एचईपी-२. सीरम ज्या पेशींवर घालतात त्या पेशींचे हे नाव. केंद्रके मोठी आणि केंद्रकी ठळक, म्हणून या पेशी सोयीच्या. कागदोपत्री या पेशी १९५०च्या दशकात एका पुरुषाच्या घशातल्या, म्हणजे स्वरयंत्राच्या, कर्करोगापासून वाढविलेल्या. पण कागद आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसतोच असे नाही, हे कारकुनाइतके कोणाला ठाऊक? १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या नावांनी चालणाऱ्या पेशींच्या पुष्कळ वाणांत एक विशिष्ट एन्झाइम तपासले. सगळ्यांत ते एकाच प्रकारचे निघाले, आणि तो प्रकार आफ्रिकी वंशाच्या माणसांतच आढळणारा होता. निष्कर्ष सरळ होता. प्रयोगशाळांतल्या या वेगवेगळ्या पेशींत कधीतरी एका जोमदार वाणाच्या पेशी मिसळल्या आणि त्यांनी मूळच्या पेशींना मागे टाकून सगळी जागा व्यापली. एचईपी-२ याही त्यांतल्याच, हे आज पेशींच्या संग्रहालयांच्या नोंदींत लिहिलेले असते. त्या जोमदार वाणाचे नाव हेला. पुन्हा दोन-दोन अक्षरे : हेन्रिएटा लॅक्स.

हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय स्त्री. जन्म १९२०, व्हर्जिनिया राज्यातला. लहानपणापासून तंबाखूच्या शेतात राबलेली. पुढे नवऱ्याबरोबर बाल्टिमोर शहराजवळ आली. १९५१ च्या सुरुवातीला पोटात गाठ आहे असे वाटून ती जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. गरीब कृष्णवर्णीयांवर उपचार करणाऱ्या त्या भागातल्या थोड्या रुग्णालयांपैकी ते एक, पण तेथेही काळ्यांचा वॉर्ड वेगळा. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. उपचार करताना गाठीचा एक तुकडा काढून घेतला, तिला विचारले नाही. त्या काळी तशी रीतच होती, असे सांगतात. तो तुकडा जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. तोवर मानवी पेशी शरीराबाहेर काही दिवसांत मरून जात. या मेल्या नाहीत, साधारण दिवसाला दुप्पट होत गेल्या आणि आजही वाढत आहेत. हेन्रिएटा मात्र ४ ऑक्टोबर १९५१ रोजी ३१ व्या वर्षी पाच मुले मागे ठेवून वारली.

पुढचा हिशेब मोठा आहे. पोलिओच्या लसीची परीक्षा करण्यासाठी या पेशींचा मोठा साठा लागला, तो १९५३ पासून टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या संस्थेत कृष्णवर्णीय तंत्रज्ञांनी तयार केला. कंपन्यांनी या पेशी विकल्या. बऱ्याच ठिकाणी नाव हेलन लेन असे खोटे सांगितले गेले, त्यामुळे तिचे कुटुंब कोठे शोधावे असा प्रश्नच कोणाला पडला नाही. मुलांना ही गोष्ट कळली ती १९७० च्या दशकात, आणि त्यांच्यापैकी काहींना आरोग्य विमा काढणेही परवडत नव्हते. आईच्या पेशींचा व्यापार जगभर आणि मुलांना औषधाला पैसा नाही! जमाखर्चाच्या वहीत असली नोंद आम्ही तरी कधी पाहिली नाही. तिच्या कबरीवर दगड बसला २०१० साली, तोही एका डॉक्टरने दिलेला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा मरणोत्तर सन्मान केला, तो तिच्या थोरल्या मुलाने स्वीकारला. त्याच वर्षी वारसांनी थर्मो फिशर या कंपनीविरुद्ध बाल्टिमोरच्या न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तडजोड झाली. रक्कम जाहीर झालेली नाही.

आमच्या वस्तीतल्या बाईंचे सीरम ज्या काचेवर घातले गेले, त्या काचेवरच्या पेशी या बाईच्या होत्या. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तेथून देशातल्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरविल्या जातात. हेलाही त्यांत असतात.

आता प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तातून घ्यावीच लागतात असे नाही. फायब्रिलारिन किंवा न्यूक्लिओलिनचा तुकडा सशाला टोचतात आणि त्याच्या रक्तातून प्रतिपिंड मिळवितात. यात अडचण अशी की ससा मेला की त्याचा माल संपला. दुसऱ्या सशाचा माल अगदी तसाच असेल याची हमी नाही. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाईन यांनी उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून दिली. ती जोडपेशी मरत नाही आणि एकाच प्रकारचे प्रतिपिंड वर्षानुवर्षे देत राहते. १९८४ साली त्यांना नोबेल मिळाले. आता असली प्रतिपिंडे बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या कुपीत मिळतात आणि किंमत हजारांत असते.

पण कुपीवर नाव छापले म्हणून आत तेच असेल काय? केंद्रकीच्या बाबतीत तर विशेष जपावे लागते. हा ठिपका इतका दाट असतो की काही प्रतिपिंडे आत शिरतच नाहीत, कडेला अडकतात आणि नुसते हिरवे कडे दिसते. पाहणाऱ्याला वाटते प्रथिन कडेलाच राहते. उलट काही भलतीच प्रतिपिंडे उगीचच केंद्रकीला चिकटून बसतात. म्हणून चांगला संशोधक आधी खात्री करतो. फायब्रिलारिनचे वजन ठरलेले आहे, सुमारे ३४ हजार डाल्टन. प्रतिपिंड त्या वजनाच्याच प्रथिनाला धरते का, ते पाहतो. ज्या प्रथिनावाचून पेशी जगू शकते, त्याच्या बाबतीत ते प्रथिनच काढून टाकलेल्या पेशी करता येतात; तेथेही हिरवे दिसले तर प्रतिपिंड खोटे. कॅशबुक आणि बँकेचे पासबुक ताडून पाहतात, तसाच हा प्रकार. २०२३ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे अशी ताडून पाहिली. निम्म्याहून अधिक एका ना एका परीक्षेत नापास झाली. त्यांवर विसंबून लिहिलेले निबंध छापून झालेले होते. समाधान एवढेच की यातली नापास प्रतिपिंडे उघडी पडल्यावर काही कंपन्यांनी ती बाजारातून मागे घेतली.

खरे प्रतिपिंड किती उपयोगी पडते ते रक्ताच्या कर्करोगात दिसले. न्यूक्लिओफॉस्मिन हे प्रथिन केंद्रकीत राहणारे. इटलीतल्या पेरुजा येथे ब्रुनो फालिनी आणि सहकाऱ्यांनी तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींना त्याचे प्रतिपिंड लावले, तर प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांशांत ते केंद्रकीत नव्हतेच. केंद्रकाबाहेर पेशीभर पसरलेले होते. कामगार वर्कशॉप सोडून रस्त्यावर दिसला, तेव्हा काहीतरी बिघडले आहे हे कळले. शोध घेता त्याच्या जनुकातच बदल झालेला आढळला. २००५ साली हे प्रसिद्ध झाले आणि आज त्या रोगाचा प्रकार व उपचार ठरविताना हा बदल पाहिला जातो. स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टावर 'केआय-६७' आणि पुढे टक्के असे असते, तेही याच घराण्यातले. १९८३ साली जर्मनीत कील शहरात हे प्रतिपिंड तयार झाले. तबकडीतल्या ६७ व्या खळग्यातले, म्हणून ६७, आणि की हे शहराचे पहिले अक्षर. ते ज्या प्रथिनाला धरते ते वाढणाऱ्या पेशीतच असते आणि पेशी दुभागत नसते तेव्हा केंद्रकीच्या आसपास राहते. टक्का म्हणजे गाठीतल्या शंभर पेशींपैकी किती वाढीला लागल्या आहेत, ते. बाई आजाराच्या कितव्या पायरीवर आहे ते हा टक्का सांगत नाही, हे पुष्कळ घरांत चुकीचे समजले जाते.

मोठ्या रुग्णालयांत आता कधी कधी रक्त किंवा गाठीचा तुकडा संशोधनासाठी ठेवू काय, असे विचारतात आणि कागद पुढे करतात. त्याला संमतीपत्र म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे ते रुग्णाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे आणि त्याची प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे. नमुना कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार, दुसऱ्या संस्थेला देणार काय, व्यापारी उपयोग झाला तर काय, हे विचारण्याचा हक्क आहे. नकार दिला म्हणून उपचार थांबविता येत नाहीत आणि होकार दिल्यावरही पुढे माघार घेता येते. आमच्या मते संशोधनाला होकार द्यावा, पण सही करण्यापूर्वी घरातल्या शिकलेल्या मुलीला तो कागद मोठ्याने वाचावयास सांगावे, अडेल तेथे डॉक्टरांना थांबवून विचारावे आणि प्रत रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावी.